पद्मिनी पुन्हा मांगराबाहेर

नोकऱ्या-संसारात पांगलेले आम्ही गाडीवेडे आज रत्नागिरीत पुन्हा जमलो. चहा व्हायच्या आधीच मांगरातली (म्हणजे सामान ठेवायच्या खोपीतली) जुनी प्रीमियर पद्मिनी मोटार ढकलत अंगणात आणली. कुर्ल्याच्या कारखान्यातली, 1089 सीसीची, स्टिअरिंगपाशी गिअर असलेली. इंजिन जाम झालं नसेल ना, म्हणून स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये तेल सोडलं, इंजिन हाताने फिरवलं आणि फिरलं की हो! काय आनंद झाला सगळ्यांना!

खरा वैरी आपला खारा वारा. मॅट उचलली तर तळाचा पत्रा पापडासारखा चुरत होता. वरून पुट्टी मारू, असं एकजण म्हणाला. मला ते अजिबात पटत नाही. सडका पत्रा कापायचा, नवा वेल्ड करायचा, वर रेड ऑक्साइड, म्हणजे गंज रोखणारा लाल रंग. पावसाआधी तळ पुरा करायचाय. पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्ब्युरेटर साफ करायला एकाने घरी नेलाय.

कुणाकडे पद्मिनीची जुनी ग्रिल पडून असेल तर कळवा रे!