मिंट बसवून झाल्यावर : मराठी कळफलक, जाणारी लाइन आणि चार जीबी रॅम

यंत्र आधी सांगतो. एका ऑफिसातून निघालेला सेकंडहँड सीपीयू, चौथ्या पिढीचा आय-३, ४ जीबी रॅम, त्यात नवी २५६ जीबीची एसएसडी आणि १३६६ × ७६८ चा मॉनिटर. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ या प्रोसेसरला घेत नाही. म्हणून लिनक्स मिंट २२ ही ऑपरेटिंग सिस्टिम, एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपसह. उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर बेतलेलं असल्यामुळे २०२९ पर्यंत अपडेटची काळजी नाही. इन्स्टॉल सरळ झालं, त्यावर शब्द घालवत नाही. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात हा डेस्कटॉप रोज वापरता यावा म्हणून त्यानंतर काय काय केलं, ते लिहितो.

सगळ्यात जास्त वेळ मराठीला दिला, आणि तो द्यायलाच हवा होता. घरी बचत गटाचं इतिवृत्त, ग्रामसभेचे अर्ज, पोरांचे निबंध, सगळं मराठीत. मी इनस्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांचा प्रमाणित कळफलक वापरतो. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, एकदा बोटांत बसलं की रोमन अक्षरांतून मराठी लिहावंसं वाटतच नाही. मिंटमध्ये वेगळं काही उतरवावं लागत नाही, कीबोर्डच्या लेआउट यादीत भारतीयच्या खाली मराठी इनस्क्रिप्ट आहे.

पण टाइप करताना आत्ता मराठी चालू आहे की इंग्रजी, हे पॅनेलवरच्या इवल्याशा चिन्हाकडे पाहून ठरवायचं हे मला पटत नव्हतं. मग कीबोर्डच्या सेटिंगमध्ये 'यूज सिस्टिम डिफॉल्ट्स' चालू ठेवलं आणि सिस्टिमच्या कीबोर्ड फाइलमध्ये दोन पर्याय घातले : कॅप्स लॉकने लेआउट बदलणे, आणि बदलला की कॅप्स लॉकचाच दिवा लागणे. आता दिवा लागला की मराठी, विझला की इंग्रजी. नजर कळफलकावर असणाऱ्या नवशिक्याला याचा फार उपयोग होतो.

लेआउट नीट बसला का, हे तपासायला माझा ठरलेला शब्द 'वऱ्हाड'. बी, मग शिफ्ट धरून जे, मग डी, यू, ई आणि शेवटी चौकोनी कंस. शिफ्ट-जे मुळे नुक्त्याचा ऱ येतो, डी त्याला हलन्त लावतो, आणि पुढे ह आला की तो ऱ आपोआप आडवा होतो. इथे साधा र टाकला तर रफार होऊन ह च्या डोक्यावर जाऊन बसतो. 'शेतकऱ्याचा', 'दुसऱ्या', 'पऱ्हाटी' या सगळ्यांना हीच युक्ती लागते.

मग फॉन्ट. नोटो सान्स देवनागरीत ल आणि श यांचे दोन-दोन आकार भरलेले आहेत. मराठीतला पाकळीचा ल आणि देठाचा श हवा असेल तर मजकूर मराठी आहे हे प्रोग्रामला कळावं लागतं. नाहीतर तो देवनागरी दिसली की हिंदी समजतो. मेनू इंग्रजीतच ठेवून हे जमवायचं असेल तर 'पँगो लँग्वेज' नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्राम सुरू होताना वाचतात अशी सेटिंग आहे. त्याला 'ईएन, कोलन, एमआर' अशी किंमत दिली, लॉगआउट करून परत आलो, आणि फाइल मॅनेजरमधल्या फोल्डरांच्या नावांत आपला ल दिसला. ते पाहून खरंच आनंद झाला. लिब्रेऑफिस या लिखाणाच्या प्रोग्राममध्ये मात्र वेगळं करावं लागतं : भाषांच्या सेटिंगमध्ये 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' ची भाषा मराठी करायची. फायरफॉक्स वेबपानावर लिहिलेली भाषा बघतो, तिथे आपल्या हातात थोडंच असतं. टर्मिनलमध्ये मात्रा तुटतात, तो भाग मी सोडून दिला.

या मॉनिटरवर १० पॉइंटला मात्रा आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात. अक्षरांचा आकार ठरवणारा डीपीआय ९६ वरून १०८ केला, अक्षरांच्या कडा पडद्यावर नीट बसवणारं हिंटिंग 'स्लाइट' ठेवलं. थीम आणि आयकॉन मिंटचेच आहेत, मला ते आवडतात.

आता लाइन. आमच्याकडे ती एकदा जाऊन थांबत नाही. जाते, येते, परत जाते, मग तासाभराने डीपीवरून (ट्रान्सफॉर्मरवरून) कोणी तरी सांगतं. बायॉसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, वीज परत आल्यावर यंत्र बंदच राहील असं केलं, म्हणजे त्या येण्याजाण्यात सीपीयू आपोआप सुरू होत नाही. डिस्कवर फाइली मांडायची पद्धत, म्हणजे फाइल सिस्टिम, ईएक्सटी४ आहे, बदलांची आधी नोंद ठेवणारं जर्नल असल्यामुळे ढाचा सहसा शाबूत राहतो, पण कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, लिहिलेला मजकूर ३० सेकंदांपर्यंत रॅममध्येच धरून ठेवू शकतो. ती मर्यादा सिस-कंट्रोल या कर्नलच्या सेटिंगमधून १० सेकंदांवर आणली. लिब्रेऑफिस दर १० मिनिटांनी फाइल सावरायची प्रत ठेवतो, ते २ केलं. छोटा यूपीएस घेतला आहे, तो शांतपणे बंद करण्यापुरता वेळ देतो, तेवढा पुरे.

याच्याशीच जोडलेली एक गोष्ट जुनं यंत्र घेणाऱ्या प्रत्येकाने बघावी. मदरबोर्डवरचा घड्याळाचा २०३२ सेल बहुधा संपलेला असतो. लाइन गेली की घड्याळ मागे पडतं, आणि इंटरनेटवरून वेळ जुळायच्या आत अपडेट मागितलं तर रिपॉझिटरीची, म्हणजे पॅकेजं जिथून उतरतात त्या साठ्याची, फाइल 'अजून वैध झाली नाही' असा एरर येतो. ब्राउझरही सर्टिफिकेट नाकारतो. माणूस नेटवर्क तपासत बसतो आणि दोष त्या सेलचा असतो. बाजाराच्या दिवशी घड्याळजीकडून नवा घेऊन बसवला.

रॅमसाठी झेडरॅम, म्हणजे रॅममधलाच मजकूर दाबून ठेवून जागा वाढवणं. पॅकेज टाकलं, सेटिंगमध्ये अर्धी रॅम आणि दाबण्याची पद्धत झेडएसटीडी असं लिहिलं. फायरफॉक्सच्या टॅब आणि लिब्रेऑफिस सोबत चालतात.

इंटरनेट म्हणजे मोबाइलची यूएसबी टेदरिंग, त्यामुळे डेटा जपून. ते कनेक्शन मीटर्ड, म्हणजे मोजून मिळणारं, म्हणून नोंदवलं. फ्लॅटपॅक या पद्धतीची पॅकेजं टाळतो, एका छोट्या प्रोग्रामसाठी ती आधी मोठा रनटाइम (प्रोग्राम चालायला लागणाऱ्या फाइलींचा गठ्ठा) ओढतात. मिंटमध्ये फायरफॉक्स साध्या डेब पॅकेजमधून येतो, हे इथे फार कामाचं. पॅकेजं बसवणारा 'एपीटी' इन्स्टॉल झाल्यावर उतरवलेली पॅकेजं पुसून टाकतो, ती राहू द्यायची सेटिंग चालू केली. आता पुतण्याच्या त्याच आवृत्तीच्या यंत्रावर मी ती पेनड्राइव्हने नेतो. दोघांत एकदाच डेटा जातो. टाइमशिफ्ट या प्रोग्रामने काढलेले सिस्टिमचे स्नॅपशॉट (बिघडलं तर मागे जाण्यासाठीच्या प्रती) जुन्या हार्ड डिस्कवर जातात. होम फोल्डर तो मुळात घेत नाही, त्याची प्रत वेगळी काढा.

आणि मला सगळ्यात आवडलेलं काम. फॉर्मचे दिवस आले की शेजारची पोरं येतात. "काका, फोटो पन्नास केबीत बसवून द्या ना जी." थुनार फाइल मॅनेजरमध्ये 'कस्टम अॅक्शन' करता येते. मी तिथे इमेजमॅजिक या चित्रं बदलणाऱ्या प्रोग्रामची एक ओळ घातली, त्यात फाइलची कमाल साइज सांगणारा 'जेपीईजी एक्स्टेंट' ४५ केबी. इमेजमॅजिक दर्जा कमी-जास्त करून स्वतःच त्या मापात बसणारी फाइल शोधतो. आता फोटोवर राइट क्लिक, 'फॉर्मचा फोटो', आणि मूळ फाइलच्या शेजारी नवी फाइल तयार. सहीसाठी अशीच दुसरी अॅक्शन आहे, फक्त माप २० केबीच्या आत.

राहिलेलं काम तापमानाचं. पॅनेलवर सेन्सर प्लगइन लावलं आहे. कापसाच्या दिवसांत पंख्यात रुईचे तंतू भरपूर जातात, ते ब्लोअरने काढले तर आकडा लगेच उतरतो. मे महिन्यात इकडे पारा ४५ च्या आसपास जातो, त्याच्या आत थर्मल पेस्ट बदलून प्रोसेसरची कमाल गती ८० टक्क्यांवर बांधून बघणार आहे. आकडे आले की लिहितो.