मामा, मिस्त्री आणि ऑन-रोड

आमच्या दारव्हा तालुक्यात गाडी घ्यायला एकटा माणूस जात नाही. गेलाच, तर घरात भांडण झालं असावं किंवा पैसा लपवायचा असावा, असं गाव समजून चालतं. निदान चौघं लागतात. पैसे देणारा, कागद वाचणारे गुरुजी, बॉनेट उघडणारा मिस्त्री, आणि चौथा असा की ज्याला गाडीतलं ओ की ठो कळत नाही, पण नेमक्या वेळी जो "चाला बाप्पा, उठा" म्हणू शकतो. ही चौथी जागा आमच्या मामांची. मामा आमचे, पण गाडी घ्यायची म्हटलं की अख्खं गाव त्यांना न्यायला येतं.

शोरूमवाल्यांना हे ठाऊक झालेलं आहे. यवतमाळला काचेचं दार ढकललं की इस्त्रीच्या शर्टातला पोरगा सगळ्यांना चहा सांगतो आणि सही करणाऱ्यालाच तेवढं म्हणतो, "सर, तुम्ही जरा केबिनमध्ये या ना." बैलबाजारात दलाल रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवतात. बघ्यांना काही कळत नाही, पण रुमालाखालच्या दोघांना बोटं सारखीच कळतात. केबिनमध्ये ती एकट्या शोरूमवाल्यालाच मोजता येतात. म्हणून मामांनी कायदाच करून टाकला आहे : जायचं तर सगळ्यांनी, नाहीतर कोटेशन बाहेर सोफ्यावर आणायचं.

कोटेशन हा वाचण्यासारखा कागद असतो. गाडी रस्त्यावर येईपर्यंतचा सगळा खर्च, म्हणजे ऑन-रोड किंमत, त्यात ओळीनं मांडलेली असते. पहिली ओळ एक्स-शोरूम, म्हणजे नुसत्या गाडीची किंमत. त्यात जीएसटी धरलेलाच असतो आणि या आकड्याला पोरगा हात लावू देत नाही. दुसरी ओळ आरटीओची : दहा लाखांच्या आतली पेट्रोल गाडी असेल तर राज्याचा एकरकमी कर 11 टक्के, डिझेल असेल तर 13. इथंही मामांचं काही चालत नाही. घासाघीस सुरू होते ती त्याच्या खाली. इन्शुरन्सचा एकच आकडा लिहिलेला असतो, पण त्याच्या पोटात दोन भाग असतात. थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान केलं तर ते भरून देणारा भाग, तीन वर्षांची घ्यावीच लागते आणि तिचा दर सरकार ठरवतं. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा जो भाग आहे, त्यात मात्र सूट निघते, आणि तो विमा शोरूममधूनच घ्यावा असं बंधन नाही. गुरुजी एवढंच विचारतात, "बाहेरून काढून आणला तं चालते ना?" पोरगा लगेच मॅनेजरशी बोलायला आत जातो. हे आत जाणं मला फार आवडतं. मॅनेजरशी काय बोलणं होतं देव जाणे, बहुधा तो पाणी पिऊन येत असावा. पण येताना आकडा कमी करूनच येतो.

मग हँडलिंग चार्जेस. मागच्या वेळी ते सात-आठ हजार होते. मामांनी चष्मा वर केला.

"हे कायचे पैसे व्हय?"

"काका, गाडी यार्डातून आणणं, धुणं, पूजेची तयारी..."

"उचलून आनता का तिले? चाकं हायेत ना."

मामा हिशेब रुपयांत करतच नाहीत, क्विंटलात करतात. 2025-26 चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 8110 रुपये. म्हणजे गाडी धुवायला क्विंटलभर कापूस! ती ओळ खोडली गेली. कापूस विकताना काट्यावर हाच माणूस गप्प उभा असतो, कारण तिथं भाव समोरच्यानं सांगायचा असतो. वर्षभराचं न बोललेलं बोलणं बहुतेक शोरूममध्ये बाहेर पडत असावं.

एक सावधगिरी. 22 सप्टेंबर 2025 पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवर आला. त्या दिवसांत सरकारनं कमी केलेले पैसेही पोरगा "सर, आमच्याकडून डिस्काउंट" म्हणून सांगायचा. गुरुजींनी आधीची किंमत वहीत लिहून ठेवली होती म्हणून बरं. जुनी गाडी बदल्यात द्यायची असेल तरी तीच गत : आधी तिचा भाव पाडायचा आणि मग त्यातलाच थोडा एक्स्चेंज बोनस म्हणून हार घालून परत द्यायचा. सूट खरी मोठी असते ती डिसेंबरात, कारण जानेवारी उजाडला की तीच गाडी कागदावर एका वर्षानं जुनी होते. आमच्याकडं कापसाचा पैसाही त्याच सुमारास हातात येतो. शेतकऱ्याच्या नशिबात जुळून आलेल्या थोड्या गोष्टींपैकी ही एक. पुढं विकताना ते वर्ष आडवं येतं, हे खरं. पण मामा म्हणतात, "आपल्याले कुठं इकायची हाये? बोलेरो आन म्हैस, घरीच म्हातारी होते."

जुन्या गाड्यांचा बाजार मात्र वेगळाच. तिथं भावाला छापील काही नाही, त्यामुळं आमची माणसं खुलतात. आणि तिथल्या सगळ्या गाड्या डॉक्टरच्या असतात. "एका हाताची हाय भाऊ, पुण्याच्या डॉक्टरची, फक्त दवाखान्यात जाये." इतके डॉक्टर पुण्यात असतील, तर लोक आजारी पडतात तरी कशाला?

इथं मिस्त्रीचं राज्य. आमचा मिस्त्री रामराम करायच्या आधी बॉनेटवर तळहात ठेवतो. गरम लागलं की म्हणतो, "तापवून ठेवली वाट्टे सकाळपासून?" इंजिन थंड असताना सुरू करताना खोकते का, धूर कसला सोडते, हे त्याला ऐकायचं-बघायचं असतं. मग तो दाराचं रबर ओढून आतला पत्रा बघतो, बॉनेटच्या बोल्टवरचा रंग उडालेला आहे का ते नखानं खरवडतो, म्हणजे ठोकलेली गाडी लपत नाही. मीटरकडं तो बघतही नाही. खाली बसून टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचतो. 2319 असेल तर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. गाडी 2016 ची, मीटर म्हणतं तीस हजार किलोमीटर, आणि चारही टायर बदललेले, म्हणजे मीटर मागं फिरवलेलं असणार. मिस्त्री काही बोलत नाही, नुसता मामांकडं बघतो. मामा उठतात.

दारापर्यंत जायच्या आत हाक येते. नाही आली तर परत फिरायचं नाही, हा मामांचा दुसरा कायदा. आली, तर इसार देऊन कागदांवर यायचं. "इन्शुरन्स चालू हाय" यावर भाळायचं नाही, कारण नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचे पैसे न मागितल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, मालकाचा असतो, गाडीचा नाही. पॉलिसी नावावर करताना तो फरक आपल्याला भरावा लागतो. तेवढे पैसे भावातून आधीच कापायचे. मालकी बदलायच्या फॉर्म 29 आणि 30 वर विकणाऱ्याच्या सह्या, बँकेचा बोजा असेल तर फॉर्म 35, आणि आरसीवर नाव चढेपर्यंत ठरलेल्या भावातले दहा हजार गुरुजींच्या खिशात.

सगळं ठरतं, हात मिळतात, किल्ली येते. किल्ली फिरवली की पेट्रोलचा काटा लाल रेघेखाली. जुनी गाडी भरल्या टाकीची मिळाल्याचं आमच्या तालुक्यात कुणी ऐकलेलं नाही. मामा पुन्हा खुर्चीवर बसतात.

"दारव्ह्यापर्यंतचं पेट्रोल कोन टाकन?"

"काका, आता लाखांचा व्यवहार झाला ना!"

"म्हनूनच तं. दोनशेसाठी कायले खराब करतं?"