कपाळावरची आठी

अमळनेरजवळच्या खेड्यातल्या आजी. कॅन्सर हाडात गेलेला. कधीही विचारा, उत्तर एकच, "काही नही दुखस, बेटा." पण कूस बदलताना कपाळावर आठी. पंधरा वर्षं नर्स आहे, तरी ती आठी वाचायला शिकले पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे गंभीर आजारात त्रास कमी करणाऱ्या शुश्रूषेच्या, प्रशिक्षणातच. मॉर्फिन या जबर वेदनाशामकाची भीतीही तिथंच गेली. डोस लहान, ठरल्या वेळी, आणि सोबत पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध. (कॉलेजात आम्हाला फक्त मॉर्फिनच्या कपाटाची किल्ली जपायला शिकवलं!)

शेवटी आजींना गिळवेना. लेक कळण्याच्या भाकरीचा काला भरवायला बघायची. मी थांबवलं, ओल्या कापसानं ओठ कसे टिपायचे ते दाखवलं.

"माय उपाशी जाईल ना, सिस्टर."

मी खाटेवर तिच्याशेजारी बसले.