वाईट बातमी वर नेण्याची नोकरी

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असा संपादक मंडळाचा निरोप आला. शाळेच्या आठवणी लिहिणारे पुष्कळ आहेत आणि ते माझ्यापेक्षा सरस लिहितात. म्हणून मेळाव्यात पालक हमखास विचारतात तो प्रश्नच घेतो : "पोराला सायबर सिक्युरिटीत घालायचंय, पुढे काय होतो?"

पुढे, सगळं जमून आलं तर, तो सीसो होतो नाहीतर डीपीओ. सीसो म्हणजे संस्थेचा माहिती-सुरक्षा प्रमुख. डीपीओ म्हणजे लोकांच्या वैयक्तिक माहितीची राखण ज्याच्याकडे आहे तो अधिकारी. दोघांचंही निम्मं काम कॉम्प्युटरवर नसतंच. वाईट बातमी वेळेत, लेखी आणि योग्य टेबलापर्यंत पोचवायची, यासाठी त्यांना पगार मिळतो.

सीसो हे पद एका चोरीतून जन्माला आलं. १९९४ मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये बसून व्लादिमीर लेविनने सिटीबँकेच्या खात्यांतून सुमारे एक कोटी डॉलर वळते केले. चार लाख सोडता बाकी पैसे परत मिळाले, पण बँकेची झोप उडाली. १९९५ मध्ये सिटीकॉर्पने स्टीव्ह कॅट्झ यांना खास पद निर्माण करून आणलं. जगातले पहिले सीसो म्हणून त्यांचंच नाव घेतात.

तेव्हापासून एक भांडण मिटलेलं नाही. सीसोने कोणाच्या हाताखाली काम करायचं? आपल्याकडे वर्षानुवर्षं तो आयटी प्रमुखाच्या हाताखाली असे. म्हणजे ज्याच्या कामातले दोष काढायचे, त्याच्याच हातात याची वेतनवाढ. रिझर्व्ह बँकेने ७ नोव्हेंबर २०२३ च्या निर्देशांत, जे १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले, स्पष्टच लिहिलं की सीसो थेट आयटी प्रमुखाला रिपोर्ट करणार नाही आणि त्याला धंद्याचं कोणतंही टार्गेट दिलं जाणार नाही.

याचा उपयोग कुठे होतो ते जवळून बघू. एका सर्व्हरवर पॅच, म्हणजे सॉफ्टवेअरमधली गंभीर त्रुटी बुजवणारी दुरुस्ती, लावायची आहे. त्यासाठी यंत्रणा दोन तास बंद ठेवावी लागेल. धंदा बघणारे म्हणतात, महिनाअखेर आहे, आत्ता नाही. आयटी म्हणतं, आधी टेस्ट करू, मग बघू. हुकूम सोडायचा अधिकार सीसोला नसतो. त्याच्याकडे असतो एक कागद, रिस्क ॲक्सेप्टन्सचा, म्हणजे जोखीम मान्य असल्याचा. त्यावर लिहायचं : सर्व्हर कोणता, त्रुटी कोणती, पॅच आत्ता का नाही, तोवर पर्यायी बंदोबस्त काय आणि ही सवलत कोणत्या तारखेला संपते. सही धंद्याच्या प्रमुखाची. नवखा सीसो इथे दोन चुका करतो. भिडेखातर स्वतःच सही ठोकतो आणि तारखेचा रकाना कोरा सोडतो. मग तो कागद तीन वर्षं फाइलला पडून राहतो आणि ऑडिटरला सापडतो. मुदत ३० दिवसांची घातली की निदान ३१ व्या दिवशी विषय पुन्हा मीटिंगमध्ये येतो, आणि सही करणाऱ्याचा हात जरा थबकतो.

पण नुसतं खातं बदलून भागत नाही. लोकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या अमेरिकेतल्या इक्विफॅक्समध्ये २०१७ साली सुरक्षा प्रमुख आयटीच्या नव्हे, कायदा विभागाच्या हाताखाली होत्या. झालं असं की सुरक्षा आणि आयटी यांच्यातलं बोलणंच तुटलं. मार्चमध्ये अपाचे स्ट्रट्स या वेबसाइटींच्या सॉफ्टवेअरचा पॅच आला. ४८ तासांत लावा असा मेल चारशेहून जास्त लोकांना गेला, आणि ज्या पोर्टलला तो लावायचा होता ते तसंच राहिलं. त्या पोर्टलची वाहतूक तपासणाऱ्या यंत्राचं सर्टिफिकेट, म्हणजे सांकेतिक वाहतूक उघडून बघण्याचा डिजिटल परवाना, १९ महिने मुदतबाह्य होतं. यंत्र चालू, पण आंधळं. २९ जुलैला कोणीतरी सर्टिफिकेट बदललं आणि बदलताक्षणी संशयास्पद हालचाल दिसली. तोवर १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली होती. पेपरांनी मात्र गाजवलं ते त्या सुरक्षा प्रमुख बाईंची पदवी संगीतातली असल्याचं. पदवीने काय बिघडलं होतं? सर्टिफिकेटांच्या मुदतींची यादी एका माणसाच्या नावावर असती आणि ६० दिवस आधी त्याला आठवण गेली असती, तर ते यंत्र आंधळं झालं नसतं.

आता आपल्या दारातली गोष्ट. पुण्याची कॉसमॉस बँक, ११ ऑगस्ट २०१८. दिवस दुसरा शनिवार, म्हणजे बँकांना सुट्टी. काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून आणि भारतातूनही, नकली कार्डांवर मिळून साधारण १४ हजार व्यवहार झाले. १३ तारखेला, सोमवारी सकाळी, स्विफ्टमधून, म्हणजे बँकांच्या परदेशी व्यवहारांच्या निरोप-यंत्रणेतून, १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगला गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. हे कसं साधलं? एटीएममधून विनंती निघते, ती स्विचवर येते, स्विच बँकेच्या मुख्य प्रणालीला, म्हणजे सीबीएसला विचारतो, "खात्यात पैसे आहेत का?" चोरांनी मध्येच खोटा स्विच उभा केला होता. विनंती सीबीएसपर्यंत पोचतच नव्हती. खोटा स्विच वरच्या वर "आहेत, द्या" म्हणत होता. त्यामुळे खातेदारांच्या शिलकेला धक्का लागला नाही आणि कोणाला डेबिटचा एसएमएस जायचा प्रश्नच नव्हता. असा प्रकार पकडायचा तर मंजूर झालेला प्रत्येक व्यवहार सीबीएसच्या डेबिटशी सतत ताडून पाहावा लागतो. हे रिकन्सिलिएशन दिवसातून एकदाच होत असेल, तर चोराला मधला सगळा वेळ मोकळा मिळतो. दोन वर्षांआधी बांगलादेश बँकेचे ८ कोटी १० लाख डॉलर गेले तेही गुरुवारी रात्री, कारण ढाक्यात शुक्रवारी सुट्टी. चोर कॅलेंडर बघून येतात, म्हणून सुट्टीच्या दिवशी निर्णय घेऊ शकणारा माणूस ड्यूटीवर हवा. नुसता वॉचमन आणि एल-वनचा, म्हणजे पहिल्या फळीचा, पोरगा पुरत नाही.

सरकारी बाजूला सगळं फिरतं ते सर्ट-इन या सायबर घटना हाताळणाऱ्या सरकारी संस्थेभोवती. संस्था २००४ पासून आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७०ब हा तिचा पाया. वीज, बँका, दूरसंचार यांच्या कळीच्या यंत्रणांसाठी २०१४ मध्ये एनसीआयआयपीसी ही वेगळी संस्था आली. सर्ट-इनचे प्रमुख राहिलेले गुलशन राय २०१५ मध्ये देशाचे पहिले राष्ट्रीय सायबर सुरक्षा समन्वयक झाले. त्यांच्या मागून आलेले लेफ्टनंट जनरल राजेश पंत आणि लेफ्टनंट जनरल एम. यू. नायर हे दोघेही लष्कराच्या सिग्नल्सचे.

सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाने रोजचं काम बदललं. घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचं. इथे फसतात ते पूर्ण सत्याची वाट बघणारे. सहा तासांत पूर्ण चित्र कोणालाच मिळत नाही. केव्हा लक्षात आलं, कोणत्या यंत्रणा, काय लक्षणं, आत्तापर्यंत काय केलं, एवढं लिहायचं आणि उरलेल्याला "तपास चालू" म्हणायचं. मसुदा वकिलाकडून तीनदा घासूनपुसून घेण्यात पाच तास घालवणारे वाटतात तितके दुर्मीळ नाहीत.

त्याच आदेशात आहे की सगळी घड्याळं एनआयसी (सरकारचं संगणक केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या सर्व्हरशी जुळलेली हवीत. हे क्षुल्लक वाटतं. पण एक सर्व्हर सात मिनिटं मागे, फायरवॉल जागतिक वेळेवर म्हणजे साडेपाच तास मागे, असं असलं की चोर आधी बाहेर पडला आणि मग आत शिरला असं लॉगमध्ये, म्हणजे यंत्रांच्या आपोआप होणाऱ्या नोंदींत, दिसतं. लॉग १८० दिवस ठेवायचे. फायरवॉलच्या स्वतःच्या डिस्कवर ते काही दिवसांतच भरून जुने पुसले जातात, म्हणून वेगळा लॉग सर्व्हर लागतो. तो चालू आहे का हे डॅशबोर्डवरच्या हिरव्या दिव्यावरून ठरवू नये. महिन्यातून एकदा १७९ दिवसांपूर्वीची एक ओळ काढून दाखव म्हणावं. आणि हल्ला झालेलं मशीन घाबरून बंद करू नये, रॅममधला पुरावा जातो. नेटवर्कची केबल काढावी, मशीन चालू ठेवावं. फॉरमॅट तर अजिबात नको.

२७ जून २०१७ ला नॉटपेट्या या व्हायरसने मर्स्क ही जहाज कंपनी लोळवली, तेव्हा आपल्या न्हावा-शेवाच्या जेएनपीटी बंदरातलं तिच्या समूहाचं टर्मिनलही अडकलं. दहा दिवसांत ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले. ओळखपत्रांची मुख्य नोंद ठेवणारे डोमेन कंट्रोलर एकमेकांची नक्कल ठेवत होते, त्यामुळे सगळेच एकदम गेले. वाचला फक्त घानामधला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेली होती. लोडशेडिंगचे आभार मानायची वेळ क्वचितच येते. धडा साधा आहे : एक बॅकअप नेटवर्कपासून तोडलेला हवा, आणि तो रिस्टोअर करून पाहिलेला हवा. शिवाय फोन नंबरांची यादी कागदावर. हल्ल्यात मेलही जातो आणि ऑफिसची फोन डिरेक्टरीही.

या पदांवर कोण पोचतं? सगळेच इंजिनीअर नसतात. ब्रिटनचं राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्र २०१६ मध्ये ज्यांनी उभं केलं, ते किअरन मार्टिन इतिहासाचे पदवीधर. त्यांच्या जागी आलेल्या लिंडी कॅमेरॉन २०२४ मध्ये दिल्लीत ब्रिटनच्या उच्चायुक्त म्हणून आल्या. ब्रिटनच्या माहिती आयुक्त राहिलेल्या एलिझाबेथ डेनम मुळात अभिलेखपाल, म्हणजे जुनी दप्तरं सांभाळणाऱ्या. अमेरिकेच्या सिसा या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचे पहिले संचालक ख्रिस क्रेब्ज वकील. निवडणूक सुरक्षित झाली असं सांगितलं म्हणून नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांची नोकरी गेली. चांगली बातमीही कधीकधी महागात पडते.

वाईट बातमी दाबणं त्याहून महाग. जो सुलिव्हन सरकारी वकील होते, मग ईबे, फेसबुक असं करत उबरचे सुरक्षा प्रमुख झाले. २०१६ मध्ये ५ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. चोरांना एक लाख डॉलरचे बिटकॉइन दिले आणि ते बग शोधल्याचं बक्षीस म्हणून दाखवलं. माहिती घेतलीच नाही, असं त्यांच्याकडून लिहूनही घेतलं. आधीच्या एका चोरीबद्दल त्याच वेळी सरकारी चौकशी चालू होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये ते दोषी ठरले, मे २०२३ मध्ये तीन वर्षांची प्रोबेशन आणि दंड झाला. माहिती चोरीला गेली म्हणून नव्हे, ती लपवली म्हणून.

डीपीओची वाट थोडी वेगळी. जगातला पहिला माहिती-संरक्षण कायदा १९७० मध्ये जर्मनीच्या हेसे राज्याने केला. स्पिरोस सिमिटिस हे कायद्याचे प्राध्यापक तिथे १९७५ पासून सोळा वर्षं आयुक्त होते. युरोपच्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्यात डीपीओला त्याचं काम केल्याबद्दल काढता येत नाही, आणि त्याच्यावर हितसंबंध आडवे येतील अशी दुसरी कामं टाकता येत नाहीत. २०२० मध्ये बेल्जियमच्या एका दूरसंचार कंपनीने डीपीओकडेच अनुपालन, जोखीम आणि ऑडिट ही खाती दिली होती. ५० हजार युरो दंड बसला. आपला डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि मुख्य जबाबदाऱ्यांना १८ महिन्यांची मुदत मिळाली. दंड २५० कोटींपर्यंत. माहिती फुटली तर बाधित माणसांना विनाविलंब कळवायचं आणि ७२ तासांत माहिती संरक्षण मंडळाला सविस्तर. सर्ट-इनचे सहा तास वेगळेच. दोन घड्याळं एकदम चालू होतात हे बरेच जण विसरतात.

याच कायद्यात संमतीची सूचना आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत मागता येते, म्हणजे मराठीत आणि कोकणीतही. इथे मराठी नीट लिहिणाऱ्याला काम आहे, आणि ते आत्ता बहुतेक मशीन करतंय. "आपला डेटा तृतीय पक्षांसोबत सामायिक केला जाऊ शकतो" हे वाचून आजीला काय कळणार? "तुमचा पत्ता आणि मोबाइल नंबर आम्ही कुरिअर कंपनीला देतो. पार्सल पोचल्यावर ३० दिवसांनी तो तिच्याकडून खोडून घेतो." दुसरी सूचना लिहायला पत्ता नेमका कोणाकडे जातो हे आधी शोधावं लागतं. डीपीओचं खरं काम तेच.

सुरुवात कुठून? इंजिनीअरिंग, बीएससी, बीसीए काहीही चालेल. सी-डॅकचा माहिती-सुरक्षेचा सुमारे सहा महिन्यांचा पदव्युत्तर डिप्लोमा पुण्यातही होतो. पहिली नोकरी बहुधा सॉकमध्ये, म्हणजे हल्ल्यांवर नजर ठेवणाऱ्या कक्षात, तीन पाळ्यांत. अलर्ट बघायचा, खरा की खोटा ठरवायचा. "फॉल्स पॉझिटिव्ह" लिहून बंद करताना कारण लिहिणारी मुलं दोन-तीन वर्षांत वर सरकतात. सीआयएसएसपी या सुरक्षा क्षेत्रातल्या प्रमाणपत्राला पाच वर्षांचा अनुभव लागतो, परीक्षा त्याआधी देता येते. पाचवी-सहावीपासून क्लास लावू नये.

जाता जाता शाळेसाठी एक. आपलं जनरल रजिस्टर लोखंडी कपाटात असतं आणि त्यातली जन्मतारीख कोणाच्या मनाने बदलत नाही. पण वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक्सेल जाते, तिच्यात आधार नंबर आणि जन्मतारखेचे रकाने हाइड केलेले असतात. हाइड म्हणजे पुसलेलं नव्हे. उजवं बटण, अनहाइड, आणि सगळं दिसतं. फक्त हजेरी क्रमांक आणि गुण निवडा, कॉपी करा, कोऱ्या फाइलमध्ये व्हॅल्यूज म्हणून पेस्ट करा, तिची पीडीएफ करा, आणि प्रत्येक पालकाला त्याच्या मुलापुरती पाठवा. चाळीस मुलांच्या वर्गाला अर्धा-पाऊण तास लागतो.