वाटण्या

पेटी परसात येऊन जेमतेम तीन महिने झाले होते आणि मी पाहुण्यांना ‘आमच्या माश्या’ दाखवायला लागलो होतो. सातेरी मधमाश्यांची एक वसाहत, जांभळाच्या सावलीत, मुंग्या चढू नयेत म्हणून स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या. सकाळी चहाचा कप घेऊन पेटीपाशी उभं राहायचं आणि पायांना परागाचे पिवळे गोळे लावून परतणाऱ्या कामकरी माश्या बघायच्या. नोकरीत इतकं कामसू माणूस एकही पाहिलं नव्हतं, आरशातसुद्धा.

फेब्रुवारी सरता सरता पेटीच्या तोंडाशी संध्याकाळी माश्यांची दाढी लोंबायला लागली. मला वाटलं, भरभराट. भरभराटच होती आणि घोळ तोच होता. उपासमार झाली की सातेरी सगळं बिऱ्हाड घेऊन उठून जाते. पण घर माश्यांनी, पिल्लांनी, मधानं गच्च भरलं की मोहोळ फुटतं. एका घराची दोन घरं होतात.

चौकटी उचलून पाहिल्या. पोळ्याच्या खालच्या कडेला भुईमुगाच्या शेंगेसारखी तीन राणीघरं उलटी लोंबत होती. शिकवल्याप्रमाणे कापून टाकली. नीट बघायचं तर चौकटीवरच्या माश्या झटकाव्या लागतात. ते धाडस माझ्यात नव्हतं, म्हणून कोपऱ्यातल्या घोळक्याखालचं चौथं राहून गेलं. नवी राणी अंड्यापासून बाहेर यायला सुमारे 16 दिवस लागतात, पण जुनी राणी तोवर थांबत नाही. आठव्या-नवव्या दिवशी राणीघराला टोपण बसलं की ती निघायच्या बेतात असते. म्हणून या दिवसांत दर सातव्या दिवशी पेटी उघडायची. मी दहाव्या दिवशी उघडणार होतो, कारण मध्ये चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं.

लग्नाहून परतलो तर परसात पिठाची गिरणी चालू असावी तसा आवाज. पेटीच्या दारातून माश्या सांडत होत्या. बघता बघता आभाळात त्यांचं एक गरगरणारं जाळं झालं आणि ते आंब्याच्या फांदीवर येऊन घोसासारखं लटकलं. मी वाडीवरच्या तात्यांना फोन लावला. त्यांनी आयुष्यभर मोहोळं धरली आहेत.

“चावतील का हो?”

“आता कशाला चावत्यात? पोटभर मध पिऊन निघाल्यात. भरल्या पोटी कोण भांडतंय? वरनं पाण्याचा फवारा मारा, मी आलोच.”

घोस लटकला म्हणजे मुक्काम नव्हे, ती चावडी. टेहळणीच्या माश्या ढोल्या, भिंतींची भोकं बघून येतात आणि घोसावरच नाचून पत्ता सांगतात. 1949 साली म्युनिकमध्ये मार्टिन लिंडाउअर या संशोधकाला अशा घोसावर काजळीनं माखलेल्या माश्या नाचताना दिसल्या होत्या. त्या परागाच्या नव्हे, घराच्या शोधात धुराडी हुडकून आल्या होत्या. वेगवेगळ्या पत्त्यांचे नाच तासन् तास चालतात, हळूहळू एकाच पत्त्याचे उरतात, आणि मग सगळे उठतात. आमच्या बैठकीला एवढा वेळ लागला नाही. तात्या टोपली घेऊन फाटकाशी पोचले आणि घोस सुटून ओढ्यापलीकडे गेला.

तात्यांनी शांतपणे पेटी उघडली. माश्या पातळ झाल्या होत्या, पण पिल्लं होती, मध होता, आणि कोपऱ्यात टोपण बसलेलं चौथं राणीघर.

“ह्याला हात लावू नका. चुकून राहिलं म्हणून घर राहिलं.” सगळी कापली असती तरी त्या निघाल्याच असत्या, असं त्यांचं मत. एकदा मनात आलं की कापाकापीला त्या दाद देत नाहीत. आधीच मधाचा कप्पा चढवून जागा द्यायची, नाहीतर जुन्या राणीला तीनेक चौकटींसकट दुसऱ्या पेटीत बसवायचं. “त्यांनी वाटण्या करायच्या आधी आपण करायच्या.”

वाटण्या म्हटल्यावर ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या आईनं मान वर केली. आमच्या घरच्या वाटण्यांत एका दगडी जात्यावरून दोन वर्षं अबोला होता.

“म्हणजे निघाली कोण? लेक?”

“नाही, म्हातारी. लेक अजून जन्मायचीय.”

“आणि घर?”

“लेकीला. भरलेलं.”

“तिनं काय नेलं?”

“माणसं नेली निम्मी. आणि मध, ज्याच्या त्याच्या पोटात मावेल तेवढा.”

आईनं सूप खाली ठेवलं आणि ओढ्याकडे बघितलं. “जातं नाही नेलं,” ती म्हणाली आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

यंदा दोन पेट्या आहेत, शेजारी तिसरी रिकामी तयार आहे. दर रविवारी चौकटी उचलतो, माश्या झटकतोसुद्धा. परवा एक लग्नपत्रिका आली. आधी वार पाहिला. रविवार. आहेर पाठवून दिला.