मेला नसलेला खेकडा

खडकाळ किनाऱ्यावरच्या डबक्यांतले जीव बघायला पहिल्या वेळी गेले तेव्हा वेळ ओहोटीचीच होती, पण तिथी अष्टमी. भांगाचं पाणी. अष्टमीच्या आसपास समुद्र फारसा उतरतच नाही, त्यामुळे जी डबकी बघायची होती ती पाण्याखालीच राहिली. खडकाला चिकटलेले बार्नेकल, म्हणजे कवचवाले छोटे जीव, तेवढे बघून परतले.

पुढच्या वेळी अमावास्येनंतरचा दुसरा दिवस धरला आणि ओहोटी पुरी व्हायच्या दीड तास आधीच पोचले. पाणी उतरेल तसं त्याच्या मागे जाता येतं. चढायला लागलं की मात्र अर्धं लक्ष पाठीमागे ठेवावं लागतं.

पहिल्या डबक्यात काहीच दिसेना. चूक माझीच, सावली नेमकी पाण्यावर पडत होती. पलीकडे जाऊन बसले. दहाएक मिनिटांनी शंख हलायला लागले. गोगलगाय एका संथ चालीनं सरकते. हे शंख अडखळत, धक्के खात निघाले होते. म्हणजे आत खेकडे! जेलीचा गोळा समजून सोडून दिलेलं काहीतरी उमललं, तर ते समुद्रफूल, फुलासारखा दिसणारा प्राणी.

शेजारच्या कपारीत एक मेलेला खेकडा होता. फोटो काढला, घरी येऊन आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर चढवला, 'मृत' असं लिहून. कुणीतरी विचारलं, मागच्या बाजूचा फोटो आहे का? नशिबानं होता. मोठा करून बघितला तर पाठीच्या कवचाची मागची कड डबीच्या झाकणासारखी उचललेली. तेव्हा आठवलं, हातात घेतला तेव्हा त्याला वजनच नव्हतं, आणि वासही नाही. डोळ्यांवरची आवरणं काचेसारखी, आत कल्ल्यांचं अस्तरसुद्धा शाबूत. ती कात होती. खेकडा त्याच फटीतून मागच्या मागे बाहेर पडतो आणि नवं कवच टणक होईपर्यंत लपून बसतो. मालक तिथंच कुठल्यातरी दगडाखाली असणार, आणि मी त्या दगडांवरून खुशाल फिरत होते.

नर की मादी, तेही सांगता आलं नाही. पोटाखालची पट्टी अरुंद असली तर नर, रुंद असली तर मादी. पण पोटाचा फोटो मी काढलाच नव्हता.

तिसऱ्या फेरीला खारफुटीतून परतताना चिखलात ठसे दिसले. एरवी कुत्रा म्हणून पुढे गेले असते. आता बोटं मोजली: पाच. कुत्र्याची चारच उमटतात. बोटांमध्ये पडद्याची पुसट खूणही होती. मापासाठी पेन शेजारी ठेवून वरून, कडेनं, सगळीकडून फोटो काढले. चार पावलांवर विष्ठा, त्यात माशांचे खवले आणि कवचाचे तुकडे. पाणमांजर!

प्राणी काही दिसला नाही. तरी त्या नोंदीला दोन दिवसांत दुजोरा मिळाला. खेकड्याची नोंद अजून नुसती 'खेकडा' म्हणूनच पडून आहे.