कन्सोल सारखा हँग होतोय? स्क्रूड्रायव्हर घेण्याआधी वही घ्या

"मावशी, परत अडकला."

हे वाक्य मी सलग तीन आठवडे ऐकलंय, कधी शाळेतून आल्या आल्या, कधी रविवारी सकाळी, आणि दरवेळी त्याचा आवाज आधीपेक्षा थोडा बारीक. भाचा माझ्याकडेच राहतो, आठवीत आहे. आम्ही दोघं मिळून एक मोठा गेम खेळतो, म्हणजे कंट्रोलर त्याच्या हातात आणि नकाशा बघून रस्ता सांगायचं काम माझं, गेलं दीड वर्ष हे चाललंय. त्यामुळे कन्सोल बिघडला म्हणजे नुसती एक वस्तू बिघडली असं मला वाटतच नव्हतं, आमचं दीड वर्ष त्या डब्यात होतं.

तर व्हायचं असं की घोडा लाकडी पुलावर चढायचा, तीन-चार पावलं टाकायचा आणि पुढचा पाय हवेत तसाच राहायचा. चित्र ठप्प. पण नदीचा आवाज चालू, मागचं संगीत चालू. वीस-तीस सेकंदांनी कधीकधी घोडा एकदम पुढे उडी मारल्यासारखा चालायला लागायचा, कधी एरर येऊन गेम बंद पडायचा, आणि कधी काहीच व्हायचं नाही, मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरून बंद करायचा. तसं बंद केलं की पुढच्या वेळी चालू होताना कन्सोल डिस्क तपासत बसतो, ते वेगळंच.

मी नेटवर शोधलं तर जो तो एकच सांगत होता, गरम होत असेल, धूळ साफ करा, थर्मल पेस्ट (चिपची उष्णता बाहेर नेणारा लेप) बदला. लोकांच्या डोक्यात उष्णता इतकी पक्की बसलीये त्याला कारण आहे. एक्सबॉक्स ३६० च्या वेळी लाल दिवे लागून मशीन बंद पडायची तक्रार इतकी वाढली की २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्या बिघाडासाठी वॉरंटी ३ वर्षं केली आणि त्यापायी १ अब्ज डॉलरच्या वर रक्कम बाजूला काढली. तेव्हापासून कन्सोल अडकला की पहिलं नाव उष्णतेचंच निघतं. तेव्हाच तो टॉवेलमध्ये गुंडाळून मुद्दाम तापवायचा उपाय पण पसरला, आतलं सोल्डर, म्हणजे भाग बोर्डाला जोडणारा धातू, वितळून परत चिकटतं म्हणे. कृपा करून हे कधीच करू नका. शिशाविना बनवलेलं सोल्डर वितळायला साधारण २१७ अंश सेल्सिअस लागतात, टॉवेलने तेवढं तापमान होत नाही, पण आतले बाकीचे भाग भाजून मात्र निघतात.

मी पण उष्णतेपासूनच सुरुवात केली, आणि ती साफसफाई वाया गेली असं मी म्हणणार नाही कारण आत खरंच खूप धूळ होती. पंख्याच्या पात्यांवर राखाडी थर, आणि त्याच्या मागे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्या असतात ना, त्यांच्या फटीत तर अक्षरशः नमदा बसला होता, चिमट्याने धरून ओढला तर अख्खा तुकडा निघाला. दाबाची हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो हवेने भलत्याच वेगाने फिरतो आणि बेअरिंग खराब होतं. आतमध्ये पॉवर सप्लायचा जो बंद डबा असतो तो उघडू नका, वायर काढल्यावरही त्यात चार्ज राहू शकतो. चिपवरची जुनी पेस्ट खडूसारखी वाळली होती, ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली आणि वाटाण्याएवढी नवी लावली. (प्लेस्टेशन ५ असेल तर हे घरी करायला जाऊ नका, त्यात पेस्ट नाही, द्रवरूप धातू आहे, आणि तो वीज वाहून नेतो, एक थेंब भलतीकडे गेला की बोर्ड गेला.)

त्यानंतर दोन दिवस कन्सोल मस्त चालला. पंख्याचा आवाज जवळजवळ गेला. भाच्याने मला मिठी मारली. तिसऱ्या दिवशी परत तेच.

त्या रात्री मी जरा शांत बसून विचार केला. गरम होऊन अडकत असेल तर दोन तास खेळल्यावर अडकायला पाहिजे, हा तर सकाळी चालू केल्यावर पाच मिनिटांत अडकला होता, हात लावून बघितलं तर वरचं कव्हर गारच. आणि ते दोन दिवस बरे का गेले? भाच्याला विचारलं तर म्हणाला, "मावशी, आपण दोन दिवस त्या बर्फाच्या भागात होतो ना, पुलाकडे गेलोच नाही."

हे ऐकलं आणि मी एक वही काढली. मला खरंच वाटतं की कन्सोल अडकायला लागल्यावर सगळ्यात आधी करायची गोष्ट हीच आहे. किती वाजता चालू केला, किती मिनिटांनी अडकला, कुठला गेम, गेममधली कुठली जागा, डिस्कवरून चालू होता की डाउनलोड केलेला, पंखा जोरात होता का, आवाज चालू राहिला का बंद झाला, होमचं बटण दाबल्यावर मेन्यू आला का. आठवडाभर आम्ही दोघांनी लिहिलं, त्याच्या अक्षरात निम्मं, माझ्या अक्षरात निम्मं.

अडकण्यात पण प्रकार असतात आणि ते आवाजावरून बरेच कळतात. चित्र थांबलं आणि आवाज पण एकाच जागी टर्रर्र करत अडकला, म्हणजे शेवटचा इवलासा तुकडा परत परत वाजतोय, होमचं बटण पण चालत नाही, तर अख्खी सिस्टीमच थिजलेली असते, मग मेमरी, चिप, पॉवर किंवा सिस्टीम सॉफ्टवेअर या बाजूने बघायचं. चित्र काळं झालं पण आवाज नीट येतोय, कंट्रोलरला प्रतिसाद पण आहे, तर कन्सोलला काहीच झालेलं नसू शकतं, एचडीएमआय केबल बदलून बघा, टीव्हीचा दुसरा पोर्ट बघा, लोकांनी नुसत्या केबलसाठी कन्सोल खोललेले आहेत. मशीन स्वतःहून फटकन बंदच होत असेल तर उष्णता नाहीतर पॉवर. आणि आमच्यासारखं, चित्र थांबलंय, संगीत चालू आहे, आणि वाट बघितली तर कधीकधी सुटतं, तर मशीन जिवंत आहे, ती कशाची तरी वाट बघतेय. बहुतेक वेळा हार्ड डिस्कवरून येणाऱ्या डेटाची.

वहीत जे दिसलं ते असं, की पुलावर अडकतो, स्क्रीनशॉटची गॅलरी उघडली की अडकतो, बाकी कुठेही जवळपास नाही. वेळेशी संबंध नाही, उष्णतेशी संबंध नाही. जागेशी आहे.

तरी मी लगेच हार्ड डिस्कवर आले नाही, कारण एखाद्या गेमच्या अपडेटमध्ये पण बग असू शकतो आणि मग सगळ्यांनाच त्या जागी अडकतं. म्हणून गेम काढून परत टाकला. (सेव्ह, म्हणजे गेममध्ये आपण कुठवर आलो त्याची नोंद, वेगळी राहते, तरी काढायच्या आधी एकदा खात्री करून घ्या.) आणि पूल पार झाला! एकदम गुळगुळीत, दहा वेळा इकडून तिकडे गेलो. भाचा नाचायला लागला, मी पण. पण चार दिवसांनी दुसराच एक रेसिंगचा गेम, जो कधीच अडकला नव्हता, तो एका ठराविक वळणावर अडकायला लागला.

हे का झालं ते कळलं तेव्हा मला सगळा उलगडा झाला. डिस्कवर काही सेक्टर, म्हणजे डेटा साठवायचे छोटे कप्पे, कमजोर झाले की तिथे जी फाइल असेल ती वाचताना डिस्क परत परत प्रयत्न करते, त्यात कितीतरी सेकंद जातात, गेम तोवर थांबून राहतो. पुलाचा डेटा त्या खराब जागेवर होता. गेम परत टाकला तेव्हा तो दुसरीकडे लिहिला गेला, आणि ती खराब जागा मोकळी झाली, मग त्या रेसिंगच्या गेमचा पुढचा जो अपडेट आला तो नेमका तिथे जाऊन बसला. म्हणजे दुखणं गेलं नव्हतं, नुसतं सरकलं होतं. गेम परत टाकून बरं वाटलं आणि मग भलतीकडे अडकायला लागलं, तर डिस्कवरच संशय घ्या.

मग मी टीव्हीचा आवाज बंद केला आणि अडकल्यावर कन्सोलला कान लावला. टिक. मग थांबून टिक-टिक. परत टिक. एरवी हार्ड डिस्कचा एक बारीक करकर आवाज असतो तो नव्हता, हे एका लयीत होतं, डिस्कचं वाचणारं हेड त्याच जागी परत परत जात होतं. भाच्याने पण कान लावला. तो काही बोलला नाही.

इथे एक गोष्ट हात जोडून सांगते. डिस्कचा संशय आला की पुढचं काही करायच्या आधी सेव्ह कॉपी करा. सेफ मोडमध्ये (दुरुस्तीसाठीचा साधा मेन्यू) जाऊन डेटाबेस रीबिल्ड करायचा पर्याय असतो, तो चांगला आहे, गेम उडवत नाही, फक्त डिस्कवरच्या सगळ्या गोष्टींची यादी नव्याने बनवतो, पण त्यासाठी अख्खी डिस्क चाळली जाते आणि मरायला टेकलेल्या डिस्कला ते झेपेलच असं नाही. सेव्ह आधी. क्लाउडवर असतील तर तिथे खरंच गेल्यात का ते तारखेसकट बघा, नाहीतर पेनड्राइव्ह फॅट३२ किंवा एक्सफॅट या प्रकारात फॉरमॅट करून त्यावर घ्या.

आमच्या सगळ्या सेव्ह मिळून दोन जीबी पण नव्हत्या, कॉपी व्हायला तास गेला. आमच्या मोठ्या गेमची सेव्ह दोनदा अर्ध्यात थांबली. तिसऱ्या वेळी पट्टी अडकली, आम्ही दोघं तिच्याकडे बघत बसलो, तो माझा हात धरून, आणि मग ती सरकली आणि पूर्ण झाली. एक सेव्ह मात्र कितीही केलं तरी आली नाही, तो सहा वर्षांचा असताना खेळायचा त्या ब्लॉक रचायच्या गेममधलं त्याचं पहिलं घर.

खात्रीसाठी डिस्क काढून यूएसबीच्या केबलने कॉम्प्युटरला लावली. कन्सोलची डिस्क एन्क्रिप्टेड असते, कॉम्प्युटरला आतलं काही कळत नाही आणि तो लगेच विचारतो की फॉरमॅट करू का, त्याला नाही म्हणायचं, घाईत हो दाबू नका. पण डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात, ती फुकटच्या सॉफ्टवेअरने वाचता येते. त्यात दोन ओळी बघायच्या, किती सेक्टर बदलून झाले आणि किती बदलायच्या रांगेत आहेत. चांगल्या डिस्कमध्ये दोन्हीकडे शून्य असतं. आमच्या डिस्कमध्ये दोन्हीकडे आकडे होते, आणि दुसऱ्या दिवशी परत बघितलं तर रांगेतला आकडा वाढलेला.

नवीन डिस्क म्हणून सॉलिड स्टेट ड्राइव्ह टाकला, त्यात फिरणारं काही नसतं. आमच्या कन्सोलमध्ये २.५ इंची साटा (डिस्क जोडायच्या जोडणीचा एक प्रकार) डिस्क बसते, जाडी ९.५ मिलिमीटरपर्यंत चालते, घेण्याआधी जाडी नक्की बघा. सगळ्या कन्सोलमध्ये हे इतकं सोपं नाही, एक्सबॉक्स वनची आतली डिस्क अशी नुसती बदलून चालत नाही, आणि प्लेस्टेशन ५ चं मूळ स्टोरेज बोर्डवरच आहे, एम.२ ड्राइव्हचा स्लॉट फक्त वाढीव जागेसाठी. आमच्यात मात्र चार स्क्रू, एक ट्रे, झालं. त्यानंतर कंपनीच्या साइटवरून सिस्टीम सॉफ्टवेअर घ्यावं लागतं, आणि इथे बरेच जण चुकतात, अपडेटची फाइल वेगळी आणि नव्या डिस्कवर पूर्ण टाकायची फाइल वेगळी, दुसरी मोठी असते. फोल्डरचं नाव सांगितलंय तसंच, कॅपिटल अक्षरांत. सेफ मोडमध्ये कंट्रोलर वायरने जोडा, ब्लूटूथ तिथे चालत नाही. मी आधी अपडेटचीच फाइल घेतली होती, अर्धा तास तो फाइल सापडत नाही म्हणत होता.

गेम रात्रभर डाउनलोड होत राहिला. सकाळी भाचा माझ्या आधी उठून बसलेला, पण त्याने चालू केला नव्हता, माझी वाट बघत होता. सेव्ह उघडली. पुलाशी येऊन त्याने घोडा थांबवला, खाली उतरला, आणि लगाम धरून चालत चालत पलीकडे गेला. नदीचा आवाज, पावलांचा आवाज. कुठेही अडकलं नाही.

वहीत त्या तारखेपुढे त्याने "पूल" लिहिलं आणि पुढचे रकाने कोरे सोडले. जुनी डिस्क कपाटात ठेवलीये, तिच्यावर चिकटपट्टी लावून त्यानेच मोठ्या अक्षरात लिहिलंय, माझं पहिलं घर यात आहे, फॉरमॅट करू नये.